खलात पडलेले औषध परत होत नाही

हा अनुभव लिहावा की नाही, यात माझे वर्ष गेले. माझे वय ५४ असून बारा वर्षांपासून मला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी शिश्नाच्या वरच्या बाजूस कातडीखाली वाटाण्याएवढा कडकपणा हाताला लागू लागला, ताठरतेच्या वेळी दुखू लागले आणि दीड-दोन महिन्यांत शिश्न वरच्या दिशेने स्पष्टपणे वाकू लागले. कर्करोगाची शंका मनात आली. पण ती पत्नीजवळही बोलून दाखवली नाही. नेहमीच्या डॉक्टरांकडे साखरेची तपासणी करून घेतली आणि हा विषय न काढताच परत आलो.

एसटी स्थानकाच्या मुतारीत ‘वाकडेपणा, पातळपणा, खात्रीशीर इलाज’ असा कागद चिकटवलेला होता. त्यावरील क्रमांकावर फोन केला. जिल्ह्याच्या गावी एका लॉजच्या पहिल्या मजल्यावर ‘वैद्यराज’ दर दुसऱ्या शनिवारी येत असत. त्यांनी तपासणी केलीच नाही. नाडीवर बोटे ठेवून त्यांनी एकच प्रश्न विचारला, “लहानपणी हाताची सवय होती ना?” मी मान खाली घातली. तेवढ्यावर निदान झाले: नस दबली आहे, वेळीच इलाज केला नाही तर कायमचे नपुंसकत्व येईल.

पुढचा प्रकार बारकाईने सांगतो, कारण फसवणूक नेमकी तिथेच होती. तपासणी फी फक्त २०० रुपये होती. मग सोनाराकडे असतो तसला छोटा काटा काढून त्यांनी तपकिरी भस्म तोलले, खलात टाकले, त्यात दुसरी दोन चूर्णे मिसळून घोटले, आणि त्यानंतर भाव सांगितला: ग्रॅमला १,८०० रुपये, वजन २२ ग्रॅम. मी घाबरून नको म्हणालो, तेव्हा मदतनीस मुलगा अगदी घरच्यासारखा म्हणाला, “काका, एकदा खलात पडलेलं औषध परत होत नाही. ते तुमच्या नावाचं झालं.” तो माझ्याबरोबर एटीएमपर्यंत आला. ३९,६०० रुपये भस्माचे आणि ४,५०० रुपये तेलाचे असे मी त्या दिवशी दिले. पावती मागितली, तेव्हा ‘अशा गोष्टीची पावती घरी सापडली तर?’ असा प्रतिप्रश्न आला आणि मी गप्प बसलो. पुढच्या खेपेला ‘नस मोकळी होते आहे’ असे सांगून आणखी २१,००० रुपये घेतले. तेलाने कातडी भाजल्यासारखी लाल झाली, पण बाक तसूभरही कमी झाला नाही. तिसऱ्या खेपेला गेलो, तेव्हा खोली रिकामी होती आणि फोन बंद होता.

शेवटी मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी गाठ चाचपून पाहिली आणि मग, का ते मला कळेना, हाताचा पंजा टेबलावर सपाट ठेवायला सांगितले. माझी करंगळीजवळची अनामिका टेबलाला टेकत नव्हती, तळव्यात दोरीसारखा पट्टा आला होता. तो मी वर्षानुवर्षे कामाचा घट्टा समजत आलो होतो. काही पुरुषांत हे दोन विकार एकत्र आढळतात, असे त्यांनी सांगितले. माझ्या विकाराला पेरोनीज डिसीज म्हणतात. फ्रान्सच्या राजाचे शल्यचिकित्सक पेरोनी यांनी १७४३ मध्ये त्याचे वर्णन केले होते. ताठरतेच्या वेळी शिश्नावर वारंवार बारीक ताण किंवा इजा होते, आतल्या चिवट आवरणाची जखम भरताना तिथे व्रणासारखा कडक पट्टा तयार होतो, तो भाग ताणला जात नाही, म्हणून शिश्न त्या बाजूला वाकते. ‘हाताच्या सवयी’चा किंवा दबलेल्या नसेचा येथे संबंध नव्हता आणि हा कर्करोगही नव्हता. जन्मापासून असलेला बाक वेगळा, त्यात असा पट्टा नसतो. आणि थोडासा बाक तर कित्येक निरोगी पुरुषांना असतोच.

पहिले साधारण वर्षभर हा विकार बदलत राहतो, म्हणून त्या काळात शस्त्रक्रिया करत नाहीत. वेदनेवर औषध देतात, काहींना ताण देणारे उपकरण ठरावीक तास वापरायला सांगतात. गाठीत कोलॅजिनेजचे, म्हणजे कडक पट्टा सैल करणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे), इंजेक्शन देण्यास अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली, तीही किमान ३० अंश बाक असलेल्यांसाठी. बाक स्थिरावल्यावरही संबंध अशक्य असतील, तर विरुद्ध बाजूला टाके घेऊन शिश्न सरळ करतात. त्यात लांबी थोडी कमी होते, आणि हे चांगला डॉक्टर आधीच सांगतो. पोटात घेऊन हा पट्टा विरघळवेल असे खात्रीचे औषध नाही. हे एक वाक्य मला आधी कोणी सांगितले असते, तर माझे ६५,१०० रुपये वाचले असते; आणि त्याहून मोलाचे म्हणजे दुखण्याच्या सुरुवातीचे सात महिने वाचले असते.

लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. मी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला असून उरलेली तेलाची बाटली आणि एटीएमच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या आहेत. कुणाकडे अशा भस्माची पुडी पडून असेल, तर लाजेने फेकून देऊ नका, तोच पुरावा आहे.

माझा बाक आता सहा महिने तसाच आहे आणि दुखणे थांबले आहे. शस्त्रक्रियेची गरज नाही, असे डॉक्टरांनी पत्नीसमोरच सांगितले. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “अहो, मला आधी सांगायचं होतंत.”