निमापाड्याची छेना झिली: डबा नको, गरमच खा

भुवनेश्वरहून कोणार्कला जाताना पिपिलीच्या पुढे निमापाडा लागतं. पिपिलीत रंगीत चांदव्यांची खरेदी उरकली की आपल्याकडच्या बहुतेक गाड्या थेट सूर्यमंदिर गाठतात आणि छेना झिली, म्हणजे दूध फाडून काढलेला ताजा छेना मळून, तळून पाकात सोडलेली मिठाई, राहूनच जाते. याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण हा पदार्थ या गावाचाच.

माझी नोकरी दूध संघाच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे दुधाची कुठलीही मिठाई समोर आली की मी ती आधी मोडून बघते. पानाच्या द्रोणात आलेली झिली चपटी, वेडीवाकडी होती. काठ गडद तपकिरी, करपायच्या जरा अलीकडचा. आत फिकट पिवळसर आणि किंचित रवाळ. दोन बोटांत दाबली तर पातळ पाक सुटला, पण तुकडा चुरला नाही. याचा अर्थ छेना ताजा आणि मळणारा हात तयार. छेन्यातलं पाणी जास्त काढलं तर झिली चिवट होते, कमी काढलं तर तळताना कढईतच फुटते. रवा किंवा मैदा फक्त बांधून ठेवण्यापुरता, वेलची बेताची, आणि आच मंद. काठाची ती खरपूस चव मंद आचेशिवाय येतच नाही.

गुलाबजामशी तुलना होणारच. गुलाबजामचा खवा दूध आटवून करतात, म्हणून दुधातली सगळी साखर त्यात उरते. छेन्यासाठी दूध फाडतात, तेव्हा ती साखर बरीचशी पाण्याबरोबर निघून जाते. म्हणून झिलीत आधी दूध लागतं, गोडवा मागून येतो. मला झिली उजवी वाटली, आणि हे पेढ्या-बासुंदीवर वाढलेली कोल्हापूरची बाई सांगते आहे.

परतताना भुवनेश्वरच्या एका मोठ्या दुकानातून डबाबंद झिली घेतली. घरी येईस्तोवर काठ लिबलिबीत, पाक चिकट आणि गोडी नुसती साखरेची. मुरली की रसगुल्ला सुधारतो, झिली नाही. तिची सगळी मजा काठ आणि गाभा यांच्या फरकात आहे. डब्याला पैसे घालवू नका.

घरी करायची तर गाईचं दूध घ्या. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधाचा छेना घट्ट येतो आणि कितीही मळला तरी झिली दडस होते.

निमापाड्यात दुकान निवडताना पाटीपेक्षा कढई बघा. परातीत पाकात बुडवून ठेवलेली देऊ लागले तर सरळ सांगा, थांबतो. नवा घाणा निघायला फार वेळ लागत नाही, आणि कोणार्क संध्याकाळपर्यंत उघडंच असतं.