पंप टाकीच्या खाली बसवायचा की सम्पच्या वर? सक्शनचा हिशोब

पंप घेताना सगळे हेड (पंप पाणी किती मीटर वर चढवतो ते), एचपी आणि किंमत बघतात, पण कॅव्हिटेशन (दाब कमी पडून पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) होऊन इम्पेलरला (पंपातल्या फिरत्या चाकाला) खड्डे पडतात ते बऱ्याचदा सक्शन लाईन (पंपाकडे पाणी आणणारा पाईप) चुकल्यामुळे, म्हणून ऑर्डर देण्याआधी जागा ठरवा.

सम्पमधून (जमिनीखालच्या टाकीतून) ओढायचं असेल तर पाणी वर ढकलायला फक्त हवेचा दाब असतो. समुद्रसपाटीला तो 10.3 मीटर पाण्याइतका, पुण्याच्या उंचीवर साधारण 9.6. त्यातून 4 मीटर लिफ्ट (पाण्यापासून पंपापर्यंतची उंची) गेली, फूटव्हॉल्व (पाईपच्या तळाचा एकतर्फी व्हॉल्व) आणि पाईपचं घर्षण धरा 1 मीटर, 30 अंशाच्या पाण्याचा बाष्पदाब (ज्याच्या खाली गेलं की पाण्याची वाफ होते तो दाब) 0.4, म्हणजे हातात उरले 4.2. पंपाला तोंडाशी 3 मीटर लागत असतील तर चालतंय. पण तेच पाणी 60 अंशाचं झालं की बाष्पदाबच 2 मीटर खातो, उरतात 2.6, आणि पंपात खडी फिरल्यासारखा आवाज सुरू. शिवाय डेटाशीटमधला एनपीएसएचचा (पंपाला तोंडाशी लागणाऱ्या या दाबाचा) आकडा हेड 3 टक्के पडल्यावरचा असतो, तिथे बुडबुडे आधीच सुरू झालेले असतात, त्यामुळे अर्धा-एक मीटर तरी जास्तीचा हवाच.

पंप टाकीखाली असला की तीच उंची वजा न होता मिळवली जाते, प्रायमिंगची (सुरू करण्याआधी पंप पाण्याने भरण्याची) कटकट नाही, फूटव्हॉल्व नाही. गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) असेल तर माझ्या मते दुसरा विचारच करू नका. खर्च येतो तो टाकी उचलण्याचा किंवा पंपासाठी खड्डा करण्याचा, आणि खड्ड्यात पाणी साचून मोटर भिजणार नाही हे बघावं लागतं.

सम्प आधीच बांधलेला आहे, पाणी थंड आहे आणि लिफ्ट 3-4 मीटरच्या आत आहे तर वर बसवायला हरकत नाही, फक्त पाईपात कंजूसपणा नको, 80 ऐवजी 100 एमएम घेतला तर तेवढ्याच फ्लोला घर्षण जवळपास एक तृतीयांशावर येतं. लाईन पंपाकडे थोडी चढती ठेवा, रिड्यूसर (मोठा पाईप लहान तोंडाला जोडणारा तुकडा) एक्सेन्ट्रिक, म्हणजे एका बाजूने सपाट घ्या आणि सपाट बाजू वर, नाहीतर तिथे हवा अडकते.

टाकीखाली बसवला म्हणून निर्धास्तही राहू नका, पंपाच्या तोंडाशी एल्बो लावला किंवा स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) चोकअप झाला तर तिथेही तोच त्रास होतो, सक्शनला निदान पाच व्यासाइतका सरळ पाईप द्या आणि फ्लो कमी करायचा तर डिलिव्हरीचा (पंपातून बाहेर जाणाऱ्या लाईनचा) व्हॉल्व थोडा बंद करा, सक्शनचा कधीच नाही.