टीव्हीवरच्या पाककृती आठ महिने घरी करून पाहिल्या

गेल्या वर्षी यांचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, तेल-मीठ कमी करा. पथ्याचं जेवण बेचव होऊ नये म्हणून मी दुपारचे पाककृतींचे कार्यक्रम नेमाने बघायला लागले, आठवड्याला तीन-चार पदार्थ करायला लागले. सवय जुनीच. १९९३ मध्ये 'खाना खजाना' सुरू झाला तेव्हा आई वही-पेन घेऊन टीव्हीसमोर बसायची, शेजारी मी.

पहिले दोन महिने सांगतील तसंच केलं. आम्हा चौघांना दीड महिना पुरणारा तेलाचा ५ लिटरचा डबा महिन्यातच संपला. हिशेब मांडला. ५ लिटर तेल म्हणजे साधारण साडेचार किलो, म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम! आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी २५ ग्रॅमच्या वर जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. मग कार्यक्रम बघताना नजर हातातल्या चमच्यावर ठेवली. तोंडाने 'दोन चमचे तेल' आणि हातात पळी. माझी पळी पाण्याने भरून मोजली तर ४० मिली, पोह्यांचा चमचा १५. शिवाय शेवटी वरून लोणी किंवा साय पडते ती वेगळीच, तिचं माप कुणी सांगतच नाही.

मिठाचं तर 'चवीनुसार' एवढंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचासुद्धा नाही. पण तयार मसाला, सॉस, चीज यांतलं मीठ कुणी धरत नाही. प्रायोजकाचा मसाला दोन चमचे घाला, मग चवीनुसार मीठ घाला! बीपीच्या माणसासाठी हे मला फार गंभीर वाटतं. पदार्थ किती जणांचा, तो रोजचा की सणाचा, हेही क्वचितच कळतं.

तरी मी बघणं सोडलं नाही, कारण हात शिकवावा तो या कार्यक्रमांनीच. कांद्याला चिमूटभर मीठ लावून झाकण ठेवलं की त्याचंच पाणी सुटतं आणि तो त्यातच मऊ होतो, हे मला इतक्या वर्षांत कुणी दाखवलं नव्हतं. 'तेल सुटेपर्यंत परता' हे मात्र कमी तेलात जमत नाही, सुटायला तेलच नसतं. मी मसाल्याचा कच्चा वास जाऊन तो कढईच्या कडा सोडेपर्यंत थांबते आणि लागेल तसा गरम पाण्याचा हबका मारते. वांग्याचा रस्सा आता एका चमच्यात होतो. तर्री नसते, चव असते.

सगळ्यात उपयोगी पडले ते गावोगावच्या सुगरणींचे भाग. ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी, कुळथाचं पिठलं, उकडून तशीच खायची अळूवडी. त्यांच्या पदार्थात साय नाही, चीज नाही, आणि मूठभर डाळ किंवा कूट असतंच. हॉटेलच्या शेफचे भाग मी आता पाहुणे यायचे असले तरच बघते.

सध्या डबा पुन्हा दीड महिना पुरतो. वहीत प्रत्येक पदार्थापुढे मी तेलाचं आणि मिठाचं माझं माप लाल पेनाने लिहिते, आणि हे जेवणाचा डबा उघडून 'आज काय आहे' विचारतात.