10 मिलिमीटरपर्यंतचा प्रवास: टेपरचा संच, काचेचे प्लग आणि पांढरी टेप

आधी निकाल, मग बाकीचं. साध्या कुड्यांच्या भोकापासून सुरुवात करून, ते हळूहळू ताणत, माझ्या कानाच्या पाळ्या आता 10 मिलिमीटरच्या प्लगपर्यंत, म्हणजे भोकात बसणाऱ्या जाड गोल दागिन्यापर्यंत, आल्या आहेत. वर्ष उलटूनही बरेच महिने झाले. पाळी अजून जाड आहे, दाबली की मऊ लागते, मागची कड सरळ आहे, आत कुठे कडक गाठ नाही. बहुतेक जण ज्याच्यापासून सुरुवात करतात त्या टेपरच्या संचाचा यात सगळ्यात कमी वाटा आहे.

संचात काय असतं ते माहीतच असेल: 14 गेजपासून 00 गेजपर्यंतचे (गेज म्हणजे जाडीचं माप) टेपर म्हणजे निमुळत्या सळया, त्याच मापांचे अ‍ॅक्रिलिकचे प्लग आणि प्लग निसटू नये म्हणून मूठभर काळ्या रबरी ओ-रिंग. टेपरवर ‘सर्जिकल स्टील’ लिहिलेलं होतं. या दोन शब्दांतून नेमका कुठला मिश्रधातू आहे ते कळत नाही. शरीरात बसवण्यायोग्य स्टीलसाठी एएसटीएम या मानकसंस्थेचं एफ138 आणि टायटॅनियमसाठी एफ136 अशी ठरलेली मानकं आहेत. विकणारा यातला आकडा सांगत नसेल तर तो दागिना ताज्या ताणलेल्या भोकात घालू नये. निकेलची अ‍ॅलर्जी असेल तर अजिबातच नाही. अ‍ॅक्रिलिकचे प्लग मी बाजूलाच ठेवले. ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेच्या यंत्रात, निर्जंतुक करता येत नाहीत आणि त्यांच्यावर पटकन चरे पडतात. बऱ्या झालेल्या कानात चार तास घालायला ठीक.

टेपरचा खरा उपयोग वाट दाखवण्यापुरता. निमुळतं टोक आधी जातं, जाड टोकाला प्लग टेकवलेला असतो, आणि टेपर मागून बाहेर येताना प्लग जागेवर बसतो. पण लोक त्याला पाचर समजतात, रोज थोडा थोडा पुढे ढकलतात, वर तोच दागिना म्हणून घालून फिरतात. टेपरचं वजन सगळीकडे सारखं नसतं. तो एका बाजूला झुकतो आणि भोकाच्या एकाच कडेवर ताण येतो. माझ्या एका मैत्रिणीने याच पद्धतीने दोन मापं एकदम ओलांडली, आणि पाळीच्या मागच्या बाजूला आतल्या त्वचेची लालसर कड बाहेर आली. यालाच ब्लोआउट म्हणतात. तिने लगेच लहान माप घातलं, जखम भरल्यावर तेलाने चोळत राहिली, आणि बऱ्याच महिन्यांनी ती कड बसली. तिचं वेळेवर लक्ष गेलं म्हणून. तसंच रेटलं असतं तर ती कड व्रण होऊन कायमची राहिली असती.

आता मापांचं. गेज ही मुळात तारेची जाडी मोजायची पद्धत, म्हणून आकडा लहान होत जातो तसा दागिना जाड होत जातो. शिवाय दर पायरीला वाढ ठरावीक मिलिमीटरची नसते, ठरावीक प्रमाणात असते: दोन गेज खाली गेलात की व्यास साधारण 26 टक्क्यांनी वाढतो. सुरुवातीला हे जाणवत नाही, कारण 1.6 वरून 2 मिलिमीटर म्हणजे किती तो फरक! पण 2 गेज साधारण 6.5 मिलिमीटर आणि 0 गेज साधारण 8. इथे एका उडीत दीड मिलिमीटर वाढतो आणि भोकाच्या घेराला पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास जास्तीची त्वचा द्यावी लागते. 00 तर आणखी घोळाचं प्रकरण. तारेच्या हिशोबाने ते 9.27 मिलिमीटर, पण दागिन्यांत कोणी 9 देतं, कोणी 10. म्हणून स्वस्तातली असो की महागाची, हाताशी व्हर्नियर कॅलिपर हवीच. माझ्या संचातले 0 गेजचे दोन प्लगसुद्धा एकमेकांशी जुळत नव्हते. पाकिटावरच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून प्रत्येक प्लग मोजायचा आणि मिलिमीटरमध्येच विचार करायचा.

सुरुवात कधी करायची? टोचलेलं भोक वरून दीड-दोन महिन्यांत बरं दिसतं, पण आतली त्वचा पक्की व्हायला फार वेळ लागतो. निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर थांबा. भोक पाळीच्या अगदी खालच्या कडेजवळ असेल, किंवा जड लोंबत्या कानातल्यांनी ते उभं चिरत गेलं असेल, तर ताणायला घेऊच नका, कारण खाली उरलेला पट्टा आणखी पातळ होणार. चांगल्या पिअर्सरला, म्हणजे टोचण्याचं काम करणाऱ्याला, आधी दाखवा. केलॉइडची म्हणजे व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ती असलेल्यांनी हा नादच सोडावा. आणि हे सगळं फक्त पाळीबद्दल चाललंय. वरच्या कूर्चेत ही पद्धत चालत नाही.

लहान मापांना मी काहीच विशेष केलं नाही. घातलेला प्लग सैल होऊन मागेपुढे सहज हलायला लागेपर्यंत थांबायचं आणि मग पुढचं माप घालायचं, एवढंच. दोन मापांमध्ये निदान दीड-दोन महिने, आणि जसजसं वर जाल तसं जास्त. 5 मिलिमीटरनंतर मात्र नुसत्या थांबण्याने पुढची उडी जमेना, आणि तिथे ती पांढरी टेप कामाला आली. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात तीच, पीटीएफईची, चिकट नसलेली. ती साधारण 0.075 ते 0.1 मिलिमीटर जाड असते. व्यासात दोन्हीकडून भर पडत असल्याने एका वेढ्यामागे माप 0.15 ते 0.2 मिलिमीटर वाढतं, घट्ट ओढली तर त्याहूनही कमी. दीड मिलिमीटरची उडी अशी आठ-दहा बारीक पायऱ्यांत वाटली जाते.

टेप लावायची रीत जरा सविस्तर सांगते, कारण वैताग येतो तो इथेच. टेप सहसा 12 मिलिमीटर रुंद असते आणि प्लगचा सरळ भाग त्याहून आखूड. त्यामुळे आधी कात्रीने ती उभी कापून अरुंद करायची. हात साबणाने धुऊन, प्लग कोरडा करून, टेप ताणून एक वेढा घालायचा आणि टोक नखाने दाबत न्यायचं. ती स्वतःलाच धरून राहते. मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायचं. सुरकुती लागली तर फाडून पुन्हा, कारण बोटाला जेमतेम कळणारी सुरकुती भोकाच्या आत दिवसभर घासत राहते. घालताना पाण्यावर आधारलेलं वंगण लावायचं आणि टेपचं सुटं टोक मागे ओढलं जाईल अशा दिशेने प्लग हळूहळू फिरवत आत न्यायचा. उलट फिरवलात की टेप गोळा होऊन बाहेर येते आणि सगळं पहिल्यापासून. आठवडा-दहा दिवसांनी काढून, प्लग धुऊन, नवी टेप एका जास्तीच्या वेढ्याने. गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर पाळी सैल असते, हे काम मी तेव्हाच करते.

घालताना काय जाणवावं? थोडं घट्ट वाटतं, पाळी जराशी गरम होते, तासाभरात निवळतं. चुरचुरलं, दुखलं किंवा आत जाताना अडलं तर तिथेच थांबायचं, टेप काढायची आणि जुन्या मापावर परत यायचं. रक्त तर कधीच दिसता कामा नये. दात घट्ट धरून ढकललेलं माप त्या दिवशी बसतं खरं, पण आत बारीक चिरा पडतात, त्या व्रणाने भरतात, आणि व्रणाची त्वचा कमी ताणली जाते. म्हणजे घाईत वाचवलेला महिना पुढच्या मापाला व्याजासकट द्यावा लागतो.

नव्या मापानंतर सुरुवातीचे काही दिवस कानाला उगाच हात लावत नाही. 0.9 टक्क्यांचं निर्जंतुक सलाइन फवारायचं आणि टिपून घ्यायचं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लांब ठेवा, त्यांनी बरी होणारी त्वचाच जळते. पू आला, सूज वाढत गेली किंवा ताप आला तर सरळ डॉक्टर. तिथे घरगुती हुशारी नको. पाळी शांत झाली की जोजोबाचं तेल घेऊन अंगठा आणि बोटामध्ये काही मिनिटं चोळते. पाळी जाड राहिली त्याचं बरंचसं श्रेय मी या मालिशला देते, पण हे माझ्या कानांवरून बोलते आहे.

काचेचे सिंगल फ्लेअर (एकाच बाजूला कड असलेले) प्लग मी पाचपैकी पाच देऊन टाकीन. गुळगुळीत, सच्छिद्र नाहीत, उकळता येतात, ऑटोक्लेव्ह करता येतात आणि कुठल्याही अ‍ॅलर्जीचा प्रश्न नाही. फरशीवर पडले की गेले, एवढाच दोष. दोन्ही बाजूंना कड असलेले डबल फ्लेअर दिसायला सुरेख असतात, पण ती कड प्लगच्या मापापेक्षा मोठी असते, म्हणून ते भोक पूर्ण बरं झाल्यावरच. लाकडाचंही तसंच. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, आंघोळीआधी काढावं लागतं, पण कोरड्या बऱ्या कानात फार हलकं वाटतं. सिलिकॉनच्या मऊ टनेलना (आरपार पोकळ प्लगना) मात्र माझ्याकडून एकच तारा. ते दुमडून आत जातात आणि मग भोकात उलगडत दाब देत राहतात. ताज्या पाळीला हे अजिबात मानवत नाही.

वासाबद्दल कोणी आधी बोलत नाही. प्लग काढला की येतो, आणि चांगलाच येतो. मेलेली त्वचा आणि तेलकटपणा आत साठतो, बाकी काही नाही. रोज प्लग काढून साबणाने धुतला, भोकाच्या आतून बोट फिरवलं की प्रश्न मिटतो. टेप लावलेल्या आठवड्यात रोज काढता येत नाही, तेव्हा सहन करायचं.

‘पुढे कंटाळा आला तर मिटेल का?’ हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. खात्रीचा आकडा नाही. लहान मापांची भोकं बहुतेकांची बरीच आवळतात, 8 ते 10 च्या पुढे गेलात की मूळ आकार परत मिळेल हे गृहीत धरू नका. तिथे मग पाळी शिवून घ्यायची छोटी शस्त्रक्रिया, भूल देऊन, आणि थोडासा व्रण. ही किंमत आधीच मान्य असेल तरच 8 ओलांडा. मला मान्य होती.

दोन्ही कान एका वेगाने चालत नाहीत हेही लक्षात ठेवा. माझा डावा कायम उजव्याच्या मागे होता. त्याला दामटण्यापेक्षा उजव्याला थांबवायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. मधली 7 आणि 9 मिलिमीटरची मापं काचेत मिळतात, ती जोडीने घेतलीत तर डाव्या-उजव्याचा हा फरक फार सोपा होतो. 10 वर आता दोन्ही सारखे आहेत. 12 चे प्लग कुणी भेट दिले तर ते वर्षभर तरी डब्यातच राहतील.