एनएबीएचच्या तपासणीआधी घेतलेलं ट्रेनिंग: पहिला दिवस सोनं, दुसरा दिवस झोप

आमचं हॉस्पिटल तीस खाटांचं, मी तिथली इनचार्ज सिस्टर. सरांनी एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, एन्ट्री लेव्हलचं (पहिल्या पायरीचं) प्रमाणपत्र घ्यायचं ठरवलं, कारण विम्याच्या कॅशलेससाठी जो तो आधी तेच विचारतो. स्टाफची तयारी करून घ्यायला पुण्याहून एक ट्रेनर मॅडम बोलावल्या. दोन दिवसांचे २८,००० रुपये, गाडीभाडं वेगळं. सोलापुरातल्या तीन-चार हॉस्पिटलांतल्या सिस्टरांचे 'कसं झालं, आम्ही बोलवू का?' म्हणून फोन आले, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

त्यांच्या आधी एक कन्सल्टंट येऊन गेला होता, त्याचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याची तयारी म्हणजे वीस पानांची प्रश्नोत्तरं झेरॉक्स काढून सगळ्यांना पाठ करायला देणं. वर सल्ला असा, की हात धुण्याच्या ऑडिटचे (कुणी कधी हात धुतले त्या नोंदींचे) मागचे सहा महिने बसून भरून टाका, पेनं दोन-तीन वेगवेगळी वापरा. मी एका रात्रीत एक महिना भरलासुद्धा. सकाळी बघते तर जी सिस्टर त्या आठवड्यात बाळंतपणाच्या रजेवर होती, तिचेही हात मी धुऊन घेतलेले! फाडून टाकलं सगळं.

मॅडम आल्या त्या थेट जनरल वॉर्डातच गेल्या. आमच्या तिथल्या मावशी मूळच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू, आधी विड्या वळायच्या. मराठी सगळं कळतं, पण समोर साहेब आला की तोंडातून शब्द फुटत नाही. पाठांतरात त्या रोज नापास. 'कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत काय टाकता?' म्हटलं की फरशीकडे बघायच्या. मॅडमनी एक ट्रे पुढे ठेवला. त्यात लाल शाईत भिजवलेला बोळा, सलाइनचा सेट, एक सुई, एक फुटकी अँप्यूल. म्हणाल्या, 'बोलू नका मावशी, नुसतं रोजच्यासारखं करा.' बोळा पिवळ्या पिशवीत, सुई पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. सेट हातात घेतला, कात्रीने नळी कापली आणि मग लाल पिशवीत टाकली. मॅडमनी विचारलं, 'का कापलीत?'

'नाय कापलं तर कोणतरी धुवून परत विकतंय की, मॅडम.'

नळी का कापायची, ते त्या वीस पानांत कुठेच नव्हतं.

हात धुण्याचं मात्र गमतीचं झालं. साबणाने ४० ते ६० सेकंद, हँडरबने (पाण्याशिवाय हाताला चोळायच्या जंतुनाशकाने) २० ते ३० सेकंद, हे आम्हाला माहीत होतं. मॅडमनी करून दाखवताना नळ चालूच ठेवला आणि अख्खा स्टाफ हसायला लागला. अहो, आमच्याकडे नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं! वाहतं पाणी बघून आमच्या बायकांचा हात आपोआप नळाकडे जातो. मग लक्षात आलं की खरा घोळ इथेच आहे. साबण लावलेल्या हाताने नळ बंद, धुतल्यावर त्याच नळाला परत हात. मॅडमनी संध्याकाळी सरांना तीन बेसिनला कोपराने चालणारे नळ बसवायला सांगितलं. आठवड्यात बसले. एवढ्यासाठी निम्मी फी मी आनंदाने देईन.

त्याच दिवशी एका ब्रदरने कबूल केलं की महिन्यापूर्वी त्याला सुई टोचली होती, बोट दाबून रक्त काढलं आणि कुणाला सांगितलं नाही. दाबायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं, लगेच कळवायचं, एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर ते ७२ तासांच्या आत आणि जितकं लवकर तितकं बरं. हे पोस्टर आमच्या भिंतीवर होतंच, त्याच्या डोक्यामागे.

आता तक्रारी. दुसरा दिवस म्हणजे इंग्रजी स्लाइडा. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही, मग दुपारी कोण जागं राहणार? नाइट करून आलेल्या दोघी तर बसल्या बसल्या घोरत होत्या. आगीचं प्रात्यक्षिक पार्किंगमध्ये, आग विझवायच्या सिलिंडरची पिन एकाने ओढली, बाकीच्यांनी फोटो काढले. रात्री मजल्यावर एक सिस्टर नि एक मावशी असते. आग लागली तर त्या दोघींनी ऑक्सिजनवरचा पेशंट कसा हलवायचा, हे मी दोनदा विचारलं. 'तुमच्या पॉलिसीत लिहा' म्हणाल्या. लिहून पेशंट हलतो का? नोट्सही मराठीत दिल्या नाहीत, त्या मीच केल्या.

तपासणीला दोघे असेसर आले. मावशींना विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर न देता कात्री उचलली, ते बघून त्यातले मोठे सर हसले. आम्ही अडकलो फ्रिजपाशी. औषधांच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत हवं. आमच्या रजिस्टरात सकाळ-संध्याकाळ, महिनाभर, नुसतं ४. 'एवढा शिस्तीचा फ्रिज कुठल्या कंपनीचा, सिस्टर?' असं त्यांनी विचारलं. ही त्रुटी लिहून गेले, त्यावरचा कागद आम्ही पाठवलाय. मॅडमनी दोन दिवसांत एकदाही तो फ्रिज उघडला नव्हता, हेही सांगायला हवं.

एकूण ट्रेनिंगला पाचपैकी साडेतीन. बोलवा, पण एकाच दिवसाचं ठरवा, तो दिवस वॉर्डातच घालवायला लावा, आणि नाइटच्या स्टाफसाठी रात्री आठला वेगळा तास मागून घ्या.

फ्रिजच्या रजिस्टरात आता ५.२, ६.१, ४.८ असे आकडे दिसतात. गेल्या आठवड्यात रात्री लाइट गेली तेव्हाचा ९ पण आहे, शेजारी लिहिलंय, 'इन्सुलिन आयसीयूच्या फ्रिजमध्ये हलवलं, २.४० वाजता.'