चालू घडामोडी: रोजचा पेपर लावावा की महिन्याचं संकलन घ्यावं?

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी अभ्यासिकेत नव्याने आलेला जवळपास प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो, आणि शेजारच्या टेबलावर जे दिसेल तेच घेऊन मोकळा होतो. त्यापेक्षा गेल्या दोन-तीन वर्षांतल्या घडामोडी घेऊन दोन्ही साधनं तपासून पाहा.

ब्रिक्स, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका यांनी सुरू केलेला गट घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये जोहान्सबर्गच्या परिषदेत अर्जेंटिना, इजिप्त, इथिओपिया, इराण, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती या सहा देशांना सदस्यत्वाचं निमंत्रण गेलं. 'ब्रिक्समध्ये सहा नवे देश' ही ओळ तेव्हा अनेकांनी पाठ केली. पुढे अर्जेंटिनात हाविएर मिलेई अध्यक्ष झाले आणि डिसेंबरात त्या देशाने नकार कळवला. सौदीने निर्णय लांबवला. जानेवारी २०२५ मध्ये इंडोनेशिया सदस्य झाला. महिन्याच्या संकलनात महिना संपला की बातमीही संपते. पेपर वाचणाऱ्याला हा पुढचा प्रवास दिसत राहतो. अर्थात, त्याने जुन्या पानावर जाऊन दुरुस्ती केली नसेल, तर त्याच्याही वहीत सहाच देश राहतात.

किल्ल्यांच्या बाबतीत मात्र संकलन सरस ठरतं. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. एकूण १२ किल्ले. साल्हेर, शिवनेरी, लोहगडापासून विजयदुर्ग, सिंधुदुर्गापर्यंत ११ महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. पेपरात ही बातमी अभिनंदनाच्या प्रतिक्रियांसकट चार दिवस चालली. परीक्षेसाठी जिल्ह्यांसह एक तक्ता पुरतो, आणि तो संकलनात आयता मिळतो. 'यादीत नसलेला किल्ला ओळखा' असा प्रश्न आला की तोच कामी येतो.

महिला आरक्षणाचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबर २०२३ च्या बातम्यांत '१२८ वं घटनादुरुस्ती विधेयक' होतं, कायदा झाला तो '१०६ वी घटनादुरुस्ती'. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मांडलेलं प्रत्येक विधेयक मंजूर होत नाही, म्हणून विधेयकांचा क्रमांक पुढे धावतो. जीएसटीचंही तसंच: १२२ वं विधेयक, १०१ वी दुरुस्ती. संकलनातलं वन-लायनर, म्हणजे एका ओळीची नोंद, दोन आकडे देतं, त्यांच्यातलं नातं सांगत नाही. ते एकदा उमगलं की पर्यायांत दोन्ही आकडे समोर आले तरी गोंधळ होत नाही. राज्य लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) परीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश गुण जातात, त्यामुळे अर्धवट पाठांतर महागात पडतं.

आता निवड. राज्यसेवा किंवा यूपीएससी करायची असेल तर पेपरला पर्याय नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. तिथे महिला आरक्षण लागू होण्याआधी जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना ही अट का घातली, यावर लिहावं लागतं. ती मांडणी संपादकीय पानावर रोज वाचूनच हाताला येते. पक्षांचे आरोप-प्रत्यारोप, गुन्हेगारी, सिनेमा सोडून द्या. पेपर तासाभरात आटोपतो. पोलीस भरती किंवा गट-क करणाऱ्यांनी चांगलं मासिक संकलन घ्यावं, तेही एकच. टेलिग्रामवरच्या दहा पीडीएफ साठवण्यात कितीतरी मुलांचे महिने गेलेले मी पाहिले आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

नोकरी सांभाळून अभ्यास करत असाल तर आठवडाभर पेपरातलं संपादकीय पान आणि महिन्याच्या शेवटी संकलन, एवढं झेपतं. सरकारी योजनांसाठी पीआयबीची, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची, मराठी प्रसिद्धिपत्रकं पाहा. ती मोफत आहेत.

नोट्स सुट्या कागदांवर काढा, एका विषयाला एक कागद, खाली निम्मं पान कोरं. आणि पूर्व परीक्षेला दोन महिने उरले असतील तर आता नवा पेपर लावू नका. मागच्या वर्षभराची संकलनं घ्या आणि त्यातल्या कोणत्या बातमीचं पुढे काय झालं, तेवढंच शोधून त्या कोऱ्या जागेत लिहा.