वकील लावून वर्ष होत आलं (चेक बाऊन्सची केस): वापरानंतरचा अनुभव

मिक्सरचा, मोबाईलचा रिव्ह्यू सगळे लिहितात, वकिलाचा कोणी लिहीत नाही. त्यात वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या (वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) नियमानेच बंदी आहे, म्हणजे बोर्ड बघून, पेपरात वाचून निवडायची सोय नाही, जे कळतं ते कोणाच्या तरी तोंडून. म्हणून सविस्तर लिहितोय. वकिलाचं नाव देत नाहीये, केस चालू आहे.

माझं नाशिकला अंबड एमआयडीसीत कोरुगेटेड बॉक्सचं छोटं युनिट आहे. भिवंडीच्या एका पार्टीने पावणेचार लाखाचा चेक दिला, बँकेत टाकला, 'फंड्स इन्सफिशियंट' शेरा मारून परत आला. फोन केला तर "शेठ, दोन-तीन आठवडे थांबा, मग परत टाका, मी कुठे पळून जातोय".

आता वकील कधी लावायचा हा प्रश्न इथेच सुटतो, कारण निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ मध्ये (चेक बाऊन्स होणं हा गुन्हा ठरवणारं कलम) सगळा खेळ मुदतीचा आहे. चेक परतल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, समोरच्याला ती मिळाली की पैसे द्यायला त्याला १५ दिवस, ते १५ संपले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून कोर्टाकडे माफी मागता येते, पण नोटिशीच्या ३० दिवसांना माफी नाही. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत असाल तर परत टाकता येतो आणि परत बाऊन्स झाला तर नवीन ३० दिवस मिळतात, तीन महिने उलटले की तो चेक म्हणजे नुसता कागद. "थांबा" म्हणणाऱ्या बऱ्याच पार्ट्यांना हे गणित तोंडपाठ असतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, रिटर्न मेमो (चेक परत करताना बँक देते ती शेऱ्याची चिठ्ठी) हातात आला की त्याच आठवड्यात वकील. फोनाफोनी चालू राहू दे, ती काय कोणी बंद करा म्हणत नाही.

वकील शोधताना तीन ठिकाणी बोललो. पहिले मेहुण्याच्या ओळखीचे, मोठं ऑफिस, भिंतभर पुस्तकं, माणूस चांगला. पण त्यांचं मुख्य काम जमिनीचं, सात-बारा, फेरफार, वाटपाचे दावे. त्यांनी मला बसवून चहा पाजला, "काही काळजी करू नका, बघून घेऊ" म्हणाले आणि कागद एकही बघितला नाही. चेक कोणाच्या सहीचा आहे हे पण विचारलं नाही. दुसरे म्हणाले आत्ता काही देऊ नका, वसूल झालं की दहा टक्के द्या. ऐकायला एकदम भारी वाटतं, आणि माझ्या ओळखीत दोघा-तिघांनी असंच दिलंय. पण केसच्या निकालावर अवलंबून असलेली फी किंवा वसुलीत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. जो माणूस पहिल्याच भेटीत स्वतःच्या धंद्याचा नियम बाजूला ठेवतो तो उद्या समोरच्या पार्टीशी काय बोलेल याची गॅरंटी कोण देणार.

तिसऱ्या मॅडम. जिल्हा कोर्टासमोरच्या गल्लीत छोटी खोली, एक ज्युनियर, एक क्लार्क. गेल्या गेल्या मेमोची तारीख विचारली आणि ती आधी डायरीत लिहिली. मग चेक हातात घेऊन म्हणाल्या, "दादा, हा कंपनीचा चेक आहे, प्रायव्हेट लिमिटेड. नोटीस कंपनीला पण जाणार आणि सही करणाऱ्या डायरेक्टरला पण, आणि केसमध्ये कंपनी आरोपी नंबर एक." नंतर वाचलं तर २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे, कंपनीचा चेक असेल आणि कंपनीलाच आरोपी केलं नसेल तर नुसत्या डायरेक्टरवर केस टिकत नाही. दुसरं त्यांनी सांगितलं की नोटिशीत चेकची रक्कम आहे तेवढीच मागायची, व्याज आणि नोटिशीचा खर्च मागायचा असेल तर वेगळा, स्पष्ट दाखवून. मला तेव्हा हे उगीच काटेकोर वाटलं, पण २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने नोटिशीतली रक्कम चेकच्या रकमेपेक्षा वेगळी असल्यामुळे नोटीसच बाद धरली, टायपिंगची चूक म्हटलं तरी ऐकलं नाही. आणि शेजारच्या शेडवाले काका ठामपणे सांगत होते की केस भिवंडीला करावी लागणार, तर तसं २०१४ च्या निकालानंतर होतं खरं, पण २०१५ ला कायदा बदलला, आता आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात केस होते. म्हणजे नाशिकलाच.

पण निव्वळ बोलण्यावर जाऊ नका. ई-कोर्ट्सचं अॅप फुकट आहे, त्यात जिल्हा आणि कोर्ट निवडून वकिलाच्या नावाने केसेस शोधता येतात. मी तिघांचीही नावं टाकून बघितली. किती केसेस यापेक्षा कुठल्या प्रकारच्या, कुठल्या कोर्टात आणि तारखांना काय झालं हे बघायचं. एखाद्याच्या केसमध्ये दर वेळी फिर्यादी गैरहजर, वकील गैरहजर असंच दिसत असेल तर समजून जा. मॅडमच्या नावावर १३८ च्या केसेस भरपूर आणि त्यातल्या बऱ्याच तडजोडीत मिटलेल्या, जे या प्रकारात चांगलंच लक्षण. शिवाय कोर्ट सगळ्यांसाठी उघडं असतं, मागच्या बाकावर जाऊन बसलं तर कोण तुम्हाला उठवत नाही. मी एक सकाळ बसलो. मॅडमचा पुकारा झाला तेव्हा त्या हजर होत्या, फाईल उघडलेली होती, एवढंच बघायचं होतं.

निवड करताना एवढा त्रास घ्यायचं अजून एक कारण. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. म्हणजे काम नीट केलं नाही म्हणून ग्राहक आयोगात जाता येणार नाही. गैरवर्तन असेल तर अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार, आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा. वॉरंटी कार्ड नसलेली वस्तू आहे ही, घेताना उलटीपालटी करून बघितलीच पाहिजे. वकील बदलता मात्र येतो, जुन्याची एनओसी घ्यायची पद्धत आहे, आणि फी बाकी आहे म्हणून तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे पण सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय.

फीचं बोलूया. टप्प्याटप्प्याने ठरवली: नोटिशीचे वेगळे, तक्रार दाखल करायचे वेगळे, पुढे पुराव्याच्या वेळी वेगळे. पावती मिळते, मागावी लागते पण मिळते. महाराष्ट्रात १३८ च्या तक्रारीला चेकच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी लागते, हा खर्च फीमध्ये धरलेला नसतो, आधीच विचारून घ्या नाहीतर दाखल करायच्या दिवशी डोळे पांढरे होतात. क्लार्कचे चहापाणी, झेरॉक्स, टायपिंग हा चिल्लर खर्च चालूच असतो. मला याचा राग येतो, किती ते एकदाच सांगा ना, पण ही तक्रार सगळ्याच ऑफिसांबद्दल ऐकली.

आता वर्षभराचा हिशोब. नोटीस मुदतीत गेली, पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रिंट काढून फाईलला लावली. उत्तर आलं की चेक सिक्युरिटीसाठी दिला होता, माल खराब होता वगैरे. तक्रार दाखल झाली, समन्स निघालं आणि तिथे घोडं पेंड खायला लागलं. एकदा पत्ता अपुरा, एकदा ऑफिस बंद. या काळात मॅडमचं वागणं कसं होतं तर कोर्टाबाहेर स्वतःहून फोन कधीच नाही, ज्युनियरचा व्हॉट्सअॅपवर एक ओळीचा मेसेज, 'समन्स परत, पुढची तारीख अमुक'. मला सुरवातीला तुसडेपणा वाटायचा. पण दर तारखेला तो मेसेज संध्याकाळच्या आत आला आणि अॅपमध्ये सीएनआर नंबर (प्रत्येक केसला कोर्टाकडून मिळणारा वेगळा नंबर) टाकून बघितलं की तंतोतंत जुळायचा, त्यामुळे आता गोड बोलण्यापेक्षा हेच बरं वाटतं. शेवटी नवीन पत्त्यावर समन्स लागलं, डायरेक्टर हजर झाला, जामीन घेतला. त्यानंतर मॅडमनी कलम १४३ए चा अर्ज टाकला, म्हणजे केस चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई. २०१८ पासून ही सोय आहे, पण देणं न देणं कोर्टाच्या हातात, आणि हे त्यांनी अर्ज टाकायच्या आधीच सांगितलं होतं. अर्जावर अजून आदेश नाही. पण अर्ज गेल्यापासून भिवंडीवाल्याची भाषा बदलली, हप्त्यांचं बोलायला लागलाय.

जे आवडलं नाही ते पण सांगतो. वेग. कायद्यात लिहिलंय सहा महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा, आणि प्रत्यक्षात २०१९ च्या शेवटी देशात १३८ च्या ३५ लाखांवर केसेस पडून होत्या, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्वतःहून दखल घेतली इतकी वाईट स्थिती. यात वकिलाचा दोष कमी, पण पहिल्या दिवशी "किती वेळ लागेल" विचारल्यावर मॅडम नुसत्या हसल्या होत्या, तेव्हा नीट सांगायला हवं होतं. आणि भेटायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर, एक तास बसून राहायची तयारी ठेवायची. ज्युनियर मध्येच बदलला, नवीन मुलाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

प्रत्येक गोष्टीला वकील लावा असं अजिबात म्हणत नाहीये. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीपासून असेल तर थकलेल्या बिलांसाठी एमएसएमई खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर आपला अर्ज आपण भरता येतो, माझ्या दुसऱ्या एका पार्टीचं तसंच चालू आहे, तिथे चेक नव्हता नुसती बिलं होती. ग्राहक आयोगात, महारेरात (बिल्डरविरुद्धच्या तक्रारी जिथे चालतात) स्वतः उभं राहता येतं. आमच्याकडे पेस्टिंगला एक ताई आहेत, त्यांच्या पोटगीच्या प्रकरणात कोणीतरी भरमसाठ फी सांगितली होती. त्यांना जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात पाठवलं, बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, १५१०० वर फोन करून पण माहिती मिळते. त्यांना मिळालेल्या वकीलबाई, ताईंच्या शब्दांत, "ओरडतात पण काम करतात".

गावाकडे आमचं वाटपाचं प्रकरण निघायच्या बेतात आहे, तेव्हा मॅडमना विचारलं होतं तुम्ही बघाल का. म्हणाल्या, "मी दिवाणी करत नाही दादा, तालुक्याच्या कोर्टात रोज बसणारा बघा." मेहुण्याच्या ओळखीच्या त्या जमिनीवाल्यांचं नाव आता मी अॅपमध्ये परत टाकून बघतोय, या वेळी दिवाणी केसेसमध्ये.